सगाट परत आला, पण तो तोच सगाट का?

५ ऑगस्ट २०२५ रोजी ‘स्ट्रीट फायटर ६’ या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये सगाट हे जुनं पात्र दाखल झालं. डोळ्यावर पट्टी, छातीवर तिरकी लांबलचक खूण, सव्वासात फुटांच्या वर उंची, मुए थाई या थाई मुष्टियुद्धाचा जुना सम्राट. १९८७च्या पहिल्या ‘स्ट्रीट फायटर’मध्ये शेवटी ज्याला हरवायचं तो हाच. जुने चाहते खूश झाले, यात नवल नाही. पण अशा प्रत्येक पुनरागमनाबरोबर येतो तसा वादही आला. कुणाला तो हवा तसा भासला, कुणाला त्यात नुसतं नाव आणि चेहरा जुना वाटला.

बाहेरून बघणाऱ्याला हे जरा अतीच वाटतं. सिनेमातला नायक दहा वर्षांनी परतला तर लोक त्याचं वय आणि अभिनय बघतात, चार शेरे मारतात आणि विषय संपतो. इथे मात्र एका ठोशाला लागणाऱ्या वेळावर पानंच्या पानं वाद होतात. याचं कारण सरळ आहे. फायटिंग गेममधलं पात्र तुम्ही नुसतं बघत नाही, ते बोटांत मुरवता. कुणी एकाच कॅरेक्टरने दहा-दहा वर्षं खेळलेला असतो. तो ज्याला ‘माझा मेन’ म्हणतो, त्याच्यात त्याचे शेकडो तास गेलेले असतात. तो मेन परत येताना बदलून आला, तर ते तासही थोडेफार वाया जातात.

वाद समजून घ्यायचा तर खेळ आतून कसा चालतो ते थोडं बघावं लागेल. हे गेम सेकंदाला ६० फ्रेमच्या, म्हणजे पडद्यावरच्या ६० स्थिर चित्रांच्या, गतीने चालतात. प्रत्येक ठोशाचे तीन टप्पे असतात: हात पुढे जाईपर्यंतचा वेळ, ठोसा लागू शकतो तेवढा वेळ, आणि हात मागे येऊन पुन्हा मोकळं होण्याचा वेळ. झटपट ठोसा चार-पाच फ्रेममध्ये पोचतो, म्हणजे सेकंदाच्या पंधराव्या-बाराव्या भागात. डोळ्याने बघून बोट हलेपर्यंत माणसाच्या मात्र बारा-पंधरा फ्रेम सहज जातात. म्हणजे प्रत्येक ठोसा बघून अडवणं माणसाला शक्यच नाही. तुम्ही अंदाज बांधता, आणि तो बांधता समोर कोण उभा आहे यावरून.

म्हणून मला वाटतं, पात्राची ओळख शोधायची तर त्याच्या चालींची यादी बाजूला ठेवावी आणि समोरचा खेळाडू कुठल्या पेचात सापडतो ते बघावं. सगाटचा पेच तर पाठ्यपुस्तकात छापावा इतका स्वच्छ आहे. त्याच्याकडे टायगर शॉट नावाचा फायरबॉल, म्हणजे दुरून फेकायचा ऊर्जेचा गोळा आहे, आणि तो दोन उंचींवर सुटतो. वरचा आला तर बहुतेक पात्रांना नुसतं खाली बसून तो डोक्यावरून जाऊ देता येतो. खालचा आला तर बसून भागत नाही. ब्लॉक करा नाहीतर उडी मारा. ब्लॉक केलात तर जिथल्या तिथे अडकलात आणि पुढचा फायरबॉल निघालाच. उडी मारलीत तर हवेत असताना दिशा बदलता येत नाही, आणि खाली उतरायच्या जागी सगाटचा टायगर अपरकट तयार असतो. बरं, उडी घेतलीत आणि आलेला फायरबॉल वरचा निघाला, तर नुसतं बसून भागलं असतं तिथे फुकट मार खाल्लात. एवढाच खेळ. पण चांगल्या खेळाडूच्या हातात हा सगाट सबंध स्क्रीन लांबीची भिंत उभी करतो आणि समोरचा ‘आता पुढे जाऊ कसा’ एवढाच विचार करत बसतो.

आता हाच सगाट २०२५च्या गेममध्ये ठेवून बघा. ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये ड्राइव्ह पॅरी नावाची सोय प्रत्येक पात्राला आहे. दोन बटणं धरून ठेवली की अंगावर येणारा फायरबॉल शोषला जातो, आणि वर तुमची ड्राइव्ह गेज, म्हणजे खास चालींसाठीची ऊर्जा, भरते. त्याच पॅरीतून ड्राइव्ह रश करून झपकन पुढे सरकताही येतं. म्हणजे १९९१पासून लोकांना रडवणाऱ्या भिंतीला या गेममध्ये जन्मतःच दार आहे, आणि किल्ली सगळ्यांच्या खिशात.

निर्मात्यांपुढचा खरा प्रश्न इथे आहे. जुना सगाट जसाच्या तसा आणला तर तो दिसायला तोच राहील, पण पेच पडणार नाही. फायरबॉल जास्त भारी केले तर इतर पात्रांचा जीव जाईल. आणि त्याला जवळून हल्ला चढवायची नवी हत्यारं दिली तर जुने खेळाडू म्हणणार, सगाट दूर उभा राहून खेळायचा, हा धावत अंगावर काय येतो? तिन्ही वाटांवर कुणीतरी नाराज होणारच. चाहते ज्याला ‘निर्मात्यांनी वाट लावली’ म्हणतात, त्यात पुष्कळदा पात्राचा दोषच नसतो. भोवतालचे नियम बदललेले असतात आणि ते पात्र त्या नियमांत बसवणं हे कंबरडं मोडणारं काम असतं.

मुद्दाम बदललेल्या पात्रांची गोष्ट वेगळी. त्यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण चार्ली नॅशचं. १९९५च्या ‘स्ट्रीट फायटर अल्फा’त तो आला तेव्हा जवळजवळ मालिकेतल्या गाइल या जुन्या पात्राचा जुळा भाऊ होता. दोघांचा फायरबॉल म्हणजे सॉनिक बूम, आणि तो सोडायची रीत एकच: स्टिक मागे धरून ठेवायची, पाऊण सेकंदाच्या आसपास थांबायचं, मग पुढे ढकलून ठोसा दाबायचा. याला चार्ज म्हणतात. या एका रीतीतून स्वभाव तयार होतो. मागे धरून ठेवायचं म्हणजे तुम्ही पुढे चालू शकत नाही, आणि मागे धरणं म्हणजेच ब्लॉक करणं, त्यामुळे तुम्ही हल्ल्याची तयारी बचाव करता करताच करत असता. चार्जवाला खेळाडू घाई करत नाही. तो तुम्हाला बोलावतो.

२०१६च्या ‘स्ट्रीट फायटर ५’मध्ये नॅश परतला, अंगभर टाके घातलेला, मृत्यूतून उठवलेला. आणि त्याच्या सॉनिक बूममधून चार्ज काढून टाकलेला. स्टिक खालून पुढे फिरवली, बटण दाबलं, झालं काम. आता तो चालता चालता बूम सोडायचा, नाहीसा होऊन दुसरीकडे प्रकट व्हायचा. निर्मात्यांच्या बाजूने बघितलं तर यात तर्क आहे. त्याच वर्षी गाइलही त्या गेममध्ये येणार होता, आणि एकाच गेममध्ये दोन गाइल कशाला? पण अल्फातला नॅश ज्यांच्या बोटांत होता त्यांना मिळाला तो ओळखीच्या नावाचा अनोळखी माणूस. वीस वर्षं मागे धरून ठेवायची सवय लागलेला अंगठा त्या नॅशच्या काहीच कामाचा नव्हता. मला स्वतःला तो नवा नॅश खेळायला मजेदार वाटला, पण तक्रार खोटी होती असं म्हणवत नाही. समोरच्याला पडणारा पेचच बदलला होता.

उलट चुन-लीचं बघा. तिच्या विजेसारख्या लाथांसाठी ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये बटण धडाधड बडवावं लागे. ‘५’ आणि ‘६’मध्ये स्टिक फिरवून बटण दाबलं की लाथा सुटतात. हाताची क्रिया पार बदलली, पण कुणी फारसं रडलं नाही. कारण समोरून खेळणाऱ्याच्या दृष्टीने लाथा त्याच आहेत, त्यांची भीतीही तीच आहे.

आणि एखादं पात्र जसंच्या तसं परत आलं की काय होतं, ते ‘टेक्केन ८’मधल्या हेइहाची मिशिमाने दाखवलं. मिशिमा घराण्याचा तो गाजलेला ठोसा, इलेक्ट्रिक विंड गॉड फिस्ट, असा मारतात: पुढे, मग स्टिक मोकळी, मग खाली, मग खाली-पुढे तिरकी, आणि स्टिक त्या तिरक्या जागी पोचते त्याच फ्रेमला ठोशाचं बटण. एक फ्रेम इकडे-तिकडे झाली तर साधा ठोसा निघतो, वीज चमकत नाही. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. हे शिकायला लोकांना महिने लागतात, कित्येकांना कधीच जमत नाही. पण ज्याला जमलंय त्याच्या हातात तो ठोसा मुक्कामाला असतो. हेइहाची परतला आणि पहिल्याच दिवशी अशा खेळाडूंच्या हातातून वीज निघायला लागली. एवढ्या एका गोष्टीवर निम्मे आक्षेप विरघळले.

उरलेले निम्मे आक्षेप कथेचे होते. आणि ते रास्त होते, कारण ‘टेक्केन ७’च्या शेवटी काझुयाने आपल्या या बापाला चक्क ज्वालामुखीच्या लाव्ह्यात फेकला होता. तो खरोखर मेला, असं निर्मात्यांनीही सांगितलं होतं. मग जुलै २०२४मध्ये ‘इव्हो’ या फायटिंग गेमच्या स्पर्धेत त्याची घोषणा झाली आणि ऑक्टोबरात तो खेळायला मिळाला. मेलेल्याला उठवल्यावर पुढच्या मरणाला किंमत काय, हा प्रश्न विचारणारे चुकीचे नाहीत. पण या घराण्यात एकमेकांना कड्यावरून आणि ज्वालामुखीत फेकणं ही परंपराच आहे. ‘टेक्केन ५’च्या सुरुवातीच्याच चित्रफितीत स्फोट होतो, ‘हेइहाची मिशिमा मेला’ अशी खबर दिली जाते, आणि त्याच गेमच्या घरगुती आवृत्तीत तो खेळायला मिळतो. ‘स्ट्रीट फायटर’चा खलनायक एम. बायसनही ‘५’च्या शेवटी संपला आणि २०२४च्या जूनमध्ये ‘६’मध्ये स्मृती गमावलेल्या अवस्थेत हजर झाला. माझा अनुभव असा की कथेवरून चिडलेला चाहता आठवड्याभरात निवळतो, बोटांवरून चिडलेला वर्षभर धुमसतो.

दिसण्यावरून होणारे वाद मी थोडक्यात उरकतो, कारण त्यात खोली कमी असते. ‘६’मध्ये कॅमीने केस कापले, पूर्ण लांबीची पँट घातली, केन खोट्या आळामुळे घर सोडून, दाढी वाढवून फिरताना दिसला. आरडाओरडा झाला, थट्टेची चित्रं फिरली, आणि खेळ सुरू झाल्यावर बहुतेकांना त्याच रूपाची सवय झाली. ब्रिजेटचा वाद याहून गंभीर होता. २००२च्या ‘गिल्टी गिअर एक्सएक्स’मध्ये मुलगी म्हणून वाढवलेला मुलगा असलेलं हे पात्र २०२२मध्ये ‘गिल्टी गिअर स्ट्राइव्ह’मध्ये परतलं तेव्हा ‘मी मुलगी आहे’ असं स्वतः ठरवून. निर्मात्यांनी नंतर ते स्पष्टपणे दुजोरा देऊन सांगितलं. चर्चा खेळाच्या फार पलीकडे गेली. खेळापुरतं बोलायचं तर तिचा यो-यो पूर्वीसारखाच हवेत एका जागी टांगून राहतो आणि मागून कधी परत येईल याची धास्ती समोरच्याला लावतो. तो पेच शाबूत होता.

आता जागेचा प्रश्न. चाहत्यांच्या वादात ‘याच्याऐवजी तो का नाही’ हे वाक्य सारखं येतं, आणि नवख्याला वाटतं, एवढे हट्ट कशाला, दोघांना घ्या ना! घेता येत नाही, कारण कॅरेक्टर म्हणजे नुसतं चित्र नसतं. ‘स्ट्रीट फायटर ६’ जून २०२३मध्ये १८ पात्रांसह आला. म्हणजे वेगवेगळ्या १५३ जोड्या. एकोणिसावं पात्र आणलं की आणखी १८ जोड्या तपासाव्या लागतात: कुठला ठोसा कुणाच्या अंगावरून हुकतो, कुठला कॉम्बो, म्हणजे सलग ठोशांची माळ, कुणावर अडखळतो, कोण कुणाला कोपऱ्यात दाबून सोडतच नाही. ‘टेक्केन ८’ने तर ३२ पात्रांनिशी सुरुवात केली, म्हणजे ४९६ जोड्या. शिवाय मॉडेल, हालचाली, आवाज, संगीत. ‘स्कलगर्ल्स’ या हाताने रेखाटलेल्या छोट्या गेमच्या चमूने २०१३मध्ये एका नव्या पात्रासाठी लोकांकडून दीड लाख डॉलर मागितले आणि कुठे किती जाणार त्याचा हिशेबही मांडला. लोकांना आकडा फुगवलेला वाटला. त्याच धंद्यातले लोक म्हणाले, एवढ्यात होतंय हेच नवल.

म्हणून वर्षाला चारेक पात्रं येतात, आणि त्यातली बरीचशी डीएलसी, म्हणजे वेगळे पैसे देऊन गेममध्ये जोडून घ्यायची भर, असतात. जुनं लाडकं नाव हमखास खपतं, त्यामुळे प्रकाशक त्याकडे झुकतो. नव्या पात्राला आधी आपली ओळख कमवावी लागते. ही कंपनीची लबाडी आहे असं मी म्हणणार नाही, पण जुन्या चेहऱ्यांनी यादी भरली की नवं काही घडवायला जागा उरत नाही, हे खरंच आहे. ‘६’ने सुरुवातीलाच ‘स्ट्रीट फायटर २’चे मूळ आठही जण घेतले होते. अगदी नवे होते सहा.

जुन्यांना वगळून बघितलंय का कुणी? बघितलंय, आणि चटके खाल्लेत. १९९५च्या ‘मॉर्टल कॉम्बॅट ३’मध्ये स्कॉर्पियन नव्हता. स्कॉर्पियन, म्हणजे त्या मालिकेचा चेहरा! त्याच वर्षी आलेल्या ‘अल्टिमेट’ आवृत्तीत त्याला परत आणला. २०१९च्या ‘मॉर्टल कॉम्बॅट ११’मध्ये मिलीना नव्हती, तर सहनिर्माते एड बून यांच्यामागे चाहत्यांनी सोशल मीडियावर तिच्या नावाचा असा तगादा लावला की तो एक कायमचा विनोद होऊन बसला. नोव्हेंबर २०२०मध्ये ती आली.

लाडकं पात्र परत येताना आणखी एक भीती असते: ते किती ताकदीचं असेल? इथे सगाटचा जुना इतिहास आडवा येतो. १९९४च्या ‘सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो’मध्ये त्याची एक जुनी आवृत्ती लपवून ठेवली होती, ‘ओल्ड सगाट’. तिचे फायरबॉल इतके वेगाने सुटायचे की जपानमधले स्पर्धक अलिखित नियम असल्यासारखे तिला हात लावत नसत. २००८च्या ‘स्ट्रीट फायटर ४’मध्येही सगाट टियर लिस्टच्या, म्हणजे पात्रांच्या ताकदीच्या क्रमवारीच्या, शेंड्यावर होता, २०१०च्या ‘सुपर’ आवृत्तीत त्याला नर्फ करून, म्हणजे मुद्दाम कमजोर करून, खाली ओढलं. त्यामुळे आज तो आला की निम्म्यांना वाटतं हा पुन्हा सगळ्यांना झोडपणार, आणि निम्म्यांना वाटतं त्या भीतीपोटी याचे दात आधीच काढलेले असणार. दोघांच्याही म्हणण्याला पुरावा आहे, म्हणून हा वाद संपत नाही.

आणि हेही खरं, की प्रत्येक जुना पेच परत यावा असं सगळ्यांना वाटत नाही. एलेना या पात्राकडे सामन्याच्या मध्येच स्वतःची ताकद भरून काढणारी एक सुपर चाल आहे. ‘अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४’मध्ये या चालीने लोकांना वीट आणला होता: हरत आलेली एलेना लांब पळायची, चाल वापरायची आणि सामना पुन्हा लांबायचा. जून २०२५मध्ये ती ‘६’त आली तेव्हा तिच्या चाहत्यांना ती चाल हवीच होती, कारण त्याशिवाय एलेना कसली. तिच्याविरुद्ध खेळलेल्यांना मात्र ती अजिबात नको होती. एकाच पात्राबद्दल दोघं बोलत होते, फक्त एक जण त्याच्या आत बसून बोलत होता आणि दुसरा समोर उभा राहून.

एलेनाच्या बाबतीत मला जास्त गंमत वाटते ती वेगळ्याच कारणाने. १९९७मध्ये ‘स्ट्रीट फायटर ३’ आला तेव्हा निर्मात्यांनी जवळजवळ सगळी जुनी फळी घरी पाठवली होती. रियू आणि केन तेवढे उरले. चुन-ली नाही, गाइल नाही, सगाट नाही. त्यांच्या खुर्च्यांवर अॅलेक्स, डडली, इबुकी, नेक्रो आणि ही एलेना. तेव्हाच्या चाहत्यांना हे सगळे उपरे वाटले. चुन-लीला परत आणायला १९९९ची तिसरी आवृत्ती, ‘थर्ड स्ट्राइक’, उजाडावी लागली. पुढे त्याच ‘थर्ड स्ट्राइक’ला लोकांनी डोक्यावर घेतलं, २००४च्या ‘इव्हो’त दाइगो उमेहाराने रक्ताची रेघ संपत आलेल्या केनने जस्टिन वाँगच्या चुन-लीच्या सुपरमधली प्रत्येक लाथ पॅरी करून सामना फिरवला तो याच गेममध्ये. आणि आता तेव्हाचे उपरे ‘क्लासिक’ म्हणून परत येतायत. ‘६’च्या तिसऱ्या वर्षाच्या यादीत सगाटबरोबर अॅलेक्सही आहे. चुन-लीची जागा खाल्ली म्हणून ज्याला शिव्या पडल्या, त्या अॅलेक्सची २०२५मध्ये लोक वाट बघत होते.

अॅलेक्सच्या बाबतीत वाद उलट्या बाजूने रंगणं साहजिक आहे. त्याचा पेच पकडीचा आहे. तो जवळ आला की तुम्ही ठोशाच्या भीतीने ब्लॉक करून बसता, आणि ब्लॉक केलेल्याला तो उचलून पॉवरबॉम्बने आपटतो. पकड ब्लॉक होत नसते. उडी मारून सुटावं तर त्याचा ठोसा वाट बघत असतो. ‘६’च्या नियमांत हे आणखी धारदार होतं, कारण पॅरी धरून उभ्या असलेल्या माणसाला पकडलं तर नेहमीपेक्षा जास्त मार बसतो. फायरबॉल फेकणाऱ्याला जी पॅरी नडते, तीच पकड टाकणाऱ्याच्या पथ्यावर पडते. तेव्हा ‘आमचा अॅलेक्स बिघडवला’ या तक्रारीच्या आधी ‘याला आवरा’ ही तक्रार ऐकू आली तर मला आश्चर्य वाटणार नाही, आणि ती करणाऱ्यांत त्याची वाट बघणारेही असतील.